चिखलाने राखलेले रंग

नवरत्नांतली सात खनिजं आहेत. उरलेली दोन, मोती आणि पोवळं, समुद्रातल्या जिवांनी घडवलेली. जिवांपासून मिळणाऱ्या अशा रत्नांची यादी जगभर शोधली तरी छोटीच भरते. अंबर, जेट, हस्तिदंत अशी मोजकी नावं तिच्यात सापडतात. १९८१ साली या यादीत ॲमोलाइट दाखल झालं. दागिन्यांच्या व्यवहाराचे मापदंड ठरवणाऱ्या ‘सिब्जो’ या जागतिक संघटनेने त्याला रत्न म्हणून मान्यता दिली आणि कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या दक्षिण भागात सापडणारा एक रंगीत दगड सराफाच्या पेटीत रीतसर जाऊन बसला.

दगड म्हणायचं ते सवयीने. प्रत्यक्षात तो एका समुद्री प्राण्याच्या शंखाचा पापुद्रा आहे, सात कोटी वर्षांहून जुना आणि बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. हातात घेऊन जरा कलता केला की लाल पट्टा हिरवा होतो, हिरव्याच्या कडेला सोनेरी उमटतं, एखाद्या कोपऱ्यात निळा-जांभळा क्षणभर दिसून जातो. पृष्ठभागावर भेगांचं जाळं असतं आणि जाळ्यातला प्रत्येक तुकडा आपल्याच रंगाने उजळतो. व्यापारी या नक्षीला ‘ड्रॅगनची कातडी’ म्हणतात. नाव भडक आहे, पण एकदा बघितलं की तक्रार उरत नाही.

हा शंख ज्याचा, तो प्राणी ॲमोनाइट. गुंडाळलेला आकार बघून गोगलगायीची आठवण होते; नातं मात्र निराळं आहे. ॲमोनाइट हे शीर्षपाद वर्गातले. कोकणच्या मासळीबाजारात मिळणारं माकूल, माखली आणि ऑक्टोपस ही त्यांची जवळची मंडळी. दिसायला ॲमोनाइटशी अगदी मिळताजुळता असलेला नॉटिलस प्रशांत आणि हिंदी महासागरांत अजून जिवंत आहे, पण वंशावळीत तो माकूलपेक्षा दूरचा निघतो. ॲमोनाइटचं मऊ शरीर शंखाच्या सर्वांत बाहेरच्या, मोठ्या कप्प्यात असे. प्राणी वाढला की पुढे सरकायचा आणि मागे एक पडदा बांधायचा. असे कप्प्यामागून कप्पे तयार होत. त्या सगळ्यांतून एक बारीक नळी जाई. तिच्या साहाय्याने कप्प्यांतलं पाणी काढून त्या जागी वायू भरला जाई आणि एवढा जड शंख घेऊन प्राणी पाण्यात तरंगत राही.

हे पडदे शंखाच्या भिंतीला जिथे जोडले जात, तिथे एक रेषा उमटते. नॉटिलसमध्ये ती साधी, किंचित वाकडी असते. ॲमोनाइटच्या सुरुवातीच्या पूर्वजांत तिला नागमोडी वळणं आली, पुढे वळणांना दाते फुटले आणि शेवटी ती इतकी गुंतागुंतीची झाली की शंखावर कोणी नेचाची पानं कोरून ठेवली आहेत असं वाटावं. एवढा खटाटोप कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. खोल पाण्याच्या दाबाला तोंड देण्यासाठी शंखाला बळकटी मिळत असावी, हे जुनं उत्तर. पडद्यांच्या चुण्यांत पाणी धरून ठेवायला मदत होत असावी, हे अलीकडचं. दोन्ही बाजूंनी प्रयोग आणि गणितं मांडली गेली आहेत.

सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी या कुळाचा उगम झाला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच, ते संपलं. मधल्या काळात त्याने आकारांची चैन केली. नखाएवढे ॲमोनाइट होते, तसेच जर्मनीतल्या वेस्टफालियात १८९५ साली सापडलेल्या एका शंखाचा व्यास १.७४ मीटर भरला. उभा केला तर माणसाएवढा. बॅक्युलाइट नावाचे काही तर गुंडाळलेलेच नव्हते, सरळ काठीसारखे वाढत. जाती इतक्या झपाट्याने बदलत की एखाद्या थरात कोणता ॲमोनाइट आहे हे कळलं की थराचं वय सांगता येतं. अल्बर्ट ओपेल या जर्मन भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ज्युरासिक खडकांचं जे कालपत्रक बांधलं ते प्रामुख्याने याच शंखांवर.

म्हणजे ॲमोनाइट दुर्मीळ नाहीत. जगातल्या जवळपास प्रत्येक खंडात ते पोत्यांनी सापडतात, काही ठिकाणी तर शेताच्या बांधाला लावलेल्या दगडांतही दिसतात. दुर्मीळ आहे तो त्यांचा मूळ रंगीत थर. त्यासाठी आधी शंख कशाचा बनतो ते पाहावं लागतं.

शंख-शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, पण हे एकच रसायन दोन प्रकारच्या स्फटिकांत बांधलं जातं. कॅल्साइट हा स्थिर प्रकार. संगमरवर आणि चुनखडक त्याचेच. अरॅगोनाइट हा नाजूक प्रकार. मोत्याची आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूची झळाळी अरॅगोनाइटच्या सूक्ष्म चकत्यांची असते. ॲमोनाइटचा शंखही अरॅगोनाइटचाच. पण जमिनीखाली पाणी, उष्णता आणि काळ यांच्या तावडीत सापडलं की अरॅगोनाइट विरघळतं किंवा पुन्हा नव्याने बांधलं जाऊन त्याचं कॅल्साइट होतं. आकार कायम राहतो, पण चकत्यांची रचना मोडते आणि तिच्याबरोबर रंगही जातो. जगातल्या बहुतेक ॲमोनाइटांचं हेच झालं. राखाडी, तपकिरी, काळे शंख संग्रहालयांच्या कपाटांत रांगेने बसलेले दिसतात, ते सगळे कधीकाळी आतून झळाळणारे होते.

अल्बर्टात हे घडलं नाही, आणि या रत्नाची सगळी किंमत त्या न घडण्यात आहे.

क्रिटेशियस काळाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र होता. आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेल्या या पाण्याने खंडाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग केले होते. पश्चिमेला ज्वालामुखी धुमसत होते आणि त्यांची राख वाऱ्याने समुद्रावर येऊन पडत होती. या राखेपासून बेंटोनाइट नावाची चिकण माती तयार होते. पाणी लागलं की ती फुगते आणि पलीकडे थेंब जाऊ देत नाही. मेलेले ॲमोनाइट तळाशी अशा बारीक, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात गाडले गेले. काहींच्या भोवती लोहाच्या कार्बोनेटचे, म्हणजे सिडराइटचे, गोळे घट्ट झाले. वर थरांवर थर चढले, शंख दबले, तडकले, पण पाणी आत फारसं शिरलं नाही. त्या चिखलाचा आजचा खडक ‘बेअरपॉ’ नावाने ओळखला जातो. लेथब्रिज शहराच्या दक्षिणेला सेंट मेरी नदीने तो कापून उघडा केला आहे. रत्नाच्या दर्जाचं ॲमोलाइट प्रामुख्याने इथलंच, आणि ते दोन जातींचं देणं आहे: प्लासेंटिसेरास मीकी आणि प्लासेंटिसेरास इंटरकॅलारे. सरळसोट बॅक्युलाइटांपासूनही थोडं मिळतं.

इथल्या थरांतही सगळा माल सारखा नसतो. वरच्या एका पट्ट्यात शंख चिरडून शतखंड झालेले आणि नंतर निसर्गानेच खनिजांनी पुन्हा सांधलेले मिळतात. ड्रॅगनची कातडी तिथली. खोलवरच्या दुसऱ्या पट्ट्यात शंख सपाट दबलेले पण सलग असतात, त्यांचा रंगही पत्र्यासारखा अखंड दिसतो. ज्याला अखंड चांगलं वाटतं त्याला हे पसंत पडतं. चिरडलेल्याची ओढ मात्र निराळीच आहे. तुकड्यातुकड्याने पेटणारा रंग सलग रंगापेक्षा जास्त वेळ डोळा धरून ठेवतो.

रंग येतो कुठून? शंखात लाल किंवा हिरवं रंगद्रव्य नाही. अरॅगोनाइटच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रकाशाचा काही भाग वरच्या चकतीवरून परततो, काही आत जाऊन खालच्या चकत्यांवरून. हे परतलेले किरण एकमेकांत मिसळताना काही रंग एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना खोडतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर दिसतो तो हाच खेळ. चकत्या जाड असतील तर लाल आणि हिरवा उठून दिसतो, पातळ असतील तर निळा आणि जांभळा. पातळ थर टिकायला कठीण, म्हणून निळा-जांभळा कमी आणि महाग. कोन बदलला की प्रकाशाचा आतला प्रवास बदलतो आणि त्याबरोबर रंगही.

पण मग साध्या शिंपल्याच्या आतही हीच रचना असताना तिथे फिकट मोतिया झाक आणि इथे एवढा भडक रंग, असं का? जपानच्या केओ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये याचं उत्तर सुचवलं. जिवंत प्राण्याच्या शंखात दोन चकत्यांमध्ये सेंद्रिय पदार्थाचा पातळ लेप असतो. ॲमोलाइटमध्ये तो नाहीसा झाला आहे आणि त्या जागी जेमतेम ४ नॅनोमीटरची फट राहिली आहे. शिवाय चकत्यांची जाडी फार एकसारखी आहे. या अरुंद आणि नेमक्या फटींमुळे परतणारा प्रकाश स्वच्छ, गडद निघतो. ॲबलोनी या शिंपल्यात फटी त्याहून रुंद असतात आणि रंग धुवट दिसतात. म्हणजे गाळाने मूळ रंग फक्त राखला असं नाही, जिवंतपणी नव्हता इतका तो गडदही केला.

जीवाश्म-रत्नांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओपलचं नाव नेहमी ॲमोलाइटशेजारी घेतलं जातं. दोन्हींची तऱ्हा मात्र उलटी आहे. तिथे हाड किंवा शंख विरघळून गेला आणि रिकाम्या साच्यात सिलिकायुक्त पाण्यातून ओपल भरलं गेलं. रंग नंतर आलेल्या पाहुण्याचा. कूबर पेडी इथे १९८७ साली उमूनासॉरस या सागरी सरीसृपाचा असाच ओपल झालेला सांगाडा मिळाला. त्याला ‘एरिक’ असं लाडकं नाव पडलं. सुटे खडे काढून विकले जाण्याची भीती होती, तेव्हा लोकांनी, त्यात शाळकरी मुलांनीही, वर्गणी काढली आणि १९९३ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमसाठी तो विकत घेतला गेला.

रत्न म्हणून ॲमोलाइटची ओळख नवी असली तरी अल्बर्टाच्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांना हे दगड केव्हापासूनच माहीत होते. ब्लॅकफूट लोकांमध्ये त्यांना ‘इनिस्किम’ म्हणतात, म्हणजे गव्याचा दगड. एका कडाक्याच्या हिवाळ्यात गवे दिसेनासे झाले, वस्ती उपाशी राहिली आणि लाकडं गोळा करायला गेलेल्या एका बाईला झाडाजवळून गाणं ऐकू आलं. गाणारा एक दगड होता. त्याने तिला गव्यांना बोलावण्याचा विधी शिकवला, अशी कथा आहे. इनिस्किम हा बहुधा ॲमोनाइटचा किंवा बॅक्युलाइटचा तुटलेला भाग असतो; काही तुकड्यांत गव्याची बसकी आकृती खरोखर दिसते. ब्लॅकफूटांपैकी कायनाई समुदायाच्या राखीव क्षेत्रात ॲमोलाइटचे मोठे साठे आहेत आणि खाणकामात त्यांचा सहभागही मोठा आहे.

दागिन्यांचा धंदा १९६०च्या दशकात हौशी कारागिरांपासून सुरू झाला. पद्धतशीर खाणकाम १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोराइट’ कंपनीने हाती घेतलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस फेंग शुईच्या जाणकारांनी याला ‘सात रंगांचा समृद्धीचा दगड’ ठरवलं आणि हाँगकाँग-जपानकडून मागणी वाढली. २००४ मध्ये अल्बर्टाने त्याला प्रांताचं अधिकृत रत्न केलं. समृद्धी आणणारे दगड शेवटी कुणाकडे समृद्धी आणतात, हे आपल्याकडच्या राशीरत्नांच्या दुकानांना विचारावं.

अल्बर्टाच्या आधीही एकदा युरोपने ॲमोनाइटच्या रंगाची मौज लुटली होती. ऑस्ट्रियातल्या कॅरिंथिया प्रांतात ब्लायबर्ग इथे शिशाच्या खाणी होत्या. तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गडद करड्या चुनखडकाचा एक थर लागला, त्यात ट्रायासिक काळातल्या शंखांचे तुकडे निखाऱ्यासारखे लाल-हिरवे पेटलेले. या ‘शिंपलासंगमरवरा’च्या तपकिरीच्या डब्या बनल्या आणि उमरावांच्या खिशांत गेल्या. फ्रांझ क्साव्हर फॉन वुल्फेन या जेझुइट निसर्गतज्ज्ञाने १७९३ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला आणि दगडाला विशेषण दिलं ‘मोरपिसाऱ्याचा’. वुल्फेनाइट या खनिजाला याच गृहस्थांचं नाव आहे. आज तो खडक बघायचा तर संग्रहालयंच गाठावी लागतात.

रंग नसलेल्या ॲमोनाइटांनाही मान कमी मिळाला नाही. उलट जगातला सर्वांत पूज्य ॲमोनाइट काळाकुट्ट आहे. नेपाळमध्ये मुस्तांगच्या डोंगरांतून काली गंडकी वाहते. तिच्या खोऱ्यातल्या काळ्या शेल खडकांत ज्युरासिक आणि क्रिटेशियसच्या सुरुवातीच्या काळातले ॲमोनाइट गोट्यांच्या पोटात दडलेले आहेत. हे खडक हिमालयाच्या जागी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ. आज ते मुक्तिनाथच्या परिसरात ३,७०० मीटर आणि त्याहून उंचावर आहेत. नदी गोटे घासून गुळगुळीत करते, फुटलेल्या गोट्यातून चक्र दिसतं आणि तो शाळिग्राम होतो. महाराष्ट्रात पंचायतन पूजेत विष्णूच्या जागी हाच असतो, कार्तिकात तुळशीच्या लग्नात बाळकृष्ण नसेल तर नवरदेव म्हणून हाच उभा राहतो. दगडातलं चक्र वज्रकीट नावाच्या किड्याने कोरलं, असं परंपरा सांगते. ती नक्षी जिवाने घडवली, इथपर्यंत परंपरा आणि जीवाश्मशास्त्र एकाच वाटेने चालतात. काही शाळिग्रामांत सोन्यासारखे कण चमकतात. ते पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या संयुगाचे.

पायराइटची ही सोनेरी चमक फार जुन्या लिखाणातही डोकावते. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात ‘अम्मोनचं शिंग’ या सोनेरी, मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या दगडाचा उल्लेख केला, तो इथिओपियातल्या अतिपवित्र रत्नांत गणला आणि त्याने भविष्यसूचक स्वप्नं पडतात असंही नोंदवलं. अम्मोन हा मेंढ्याची शिंगं असलेला इजिप्तचा देव. ॲमोनाइट हे नाव त्याच्यावरून. इंग्लंडमधल्या व्हिट्बी गावात याच आकाराचे साप झाले. सातव्या शतकातल्या संत हिल्डाने गावातले साप दगड करून टाकले, अशी समजूत होती. डोकं नसलेले साप गिऱ्हाइकाला पटेनात, म्हणून तिथले कारागीर ॲमोनाइटच्या टोकाला सापाचं तोंड कोरून विकत. हिल्डाचं नाव पुढे हिल्डोसेरास या ॲमोनाइटला मिळालं.

मराठी मुलखात मात्र पायाखाली ॲमोनाइट शोधू नयेत. दख्खनचा बहुतेक भाग बेसाल्टने झाकलेला आहे. लाव्हाचे ते महापूर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत होते, म्हणजे शेवटचे ॲमोनाइट समुद्रातून नाहीसे होत होते तेव्हाच. त्या महाविनाशात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, हा वाद अजून चालू आहे. ॲमोनाइट मेले आणि नॉटिलसचं घराणं तगलं, याचं एक कारण पिल्लांच्या आकारात शोधलं जातं. नॉटिलसची पिल्लं मोठी जन्मतात. ॲमोनाइटची जेमतेम मिलिमीटरभर असत आणि प्लवकांत तरंगत वाढत. २०११ मध्ये एका बॅक्युलाइटच्या जबड्याचं शक्तिशाली क्ष-किरणांनी चित्रण झालं, तेव्हा तोंडात इवल्या गोगलगायीचे आणि कवचधारी जिवाचे अवशेष अडकलेले दिसले. मोठ्यांचंही पोट प्लवकांवर असेल, तर समुद्राच्या पृष्ठभागावरची अन्नसाखळी तुटल्यावर घराणंच्या घराणं संपणं समजण्यासारखं आहे.

बेसाल्टच्या सीमा ओलांडल्या की चित्र बदलतं. कच्छच्या ज्युरासिक ॲमोनाइटांवर विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात लिहिलेला ग्रंथ जगभरच्या तज्ज्ञांनी वापरला. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ गावच्या परिसरातले चुनखडक तर या गोष्टीत खास जागा मागतात. तिथल्या ॲमोनाइटचं वर्णन अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांनी १९०७ मध्ये केलं आणि तत्कालीन व्हाइसरॉय मिंटोंच्या नावाने त्याला प्लासेंटिसेरास मिंटोई म्हटलं. प्लासेंटिसेरास, म्हणजे अल्बर्टात रत्न झालेल्या शंखाचं सख्खं कूळ! पण बाघला चुनखडकात बहुतांशी शंखाच्या आतल्या पोकळीचे साचे उरले आहेत. शंखाचा थर गेला, रंग गेला. कूळ एकच, चिखल वेगळा.

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आज जो ॲमोनाइट दिसतो तो बहुधा मादागास्करचा असतो. बेटाच्या वायव्येकडच्या महाजंगा भागात क्लिओनिसेरासचे सुमारे अकरा कोटी वर्षांचे शंख विपुल मिळतात. यांची सजावट दोन प्रकारे होते. एक म्हणजे मधोमध कापून दोन्ही अर्ध्या भागांना पॉलिश करायचं. कप्प्यांत भरलेलं मधाच्या रंगाचं कॅल्साइट आणि पडद्यांची वळणं दिसतात, जोडी विकली जाते. दुसऱ्या प्रकारात अख्खा शंख घासतात. थोडं घासलं तर लालसर-हिरवट झळाळी मिळते, पुढे घासत गेलं की झळाळीचा थर निघून जातो आणि खाली पडद्यांच्या रेषांची पानं उमटतात. दोन्ही एकाच जागी मिळत नाहीत. झळाळी ठेवायची की पानं दाखवायची, हे कारागिराला प्रत्येक शंखाशी ठरवावं लागतं.

मोरोक्कोत एर्फूद गावाभोवती काळ्या चुनखडकाचे टेबलाचे पृष्ठभाग, न्हाणीघरातली भांडी, थाळ्या बनतात; त्यात ॲमोनाइटचे पूर्वज असलेले गोनियाटाइट आणि सरळ शंखांचे ऑर्थोसेरास पांढरे उठून दिसतात. तिथला माल घेताना जरा डोळे उघडे ठेवावेत, कारण हवी तशी रचना जमवण्यासाठी शंख चिकटवणं आणि कोरून ‘पूर्ण’ करणं हा तिथला सर्रास उद्योग आहे. रशियात व्होल्गाकाठचे पायराइट झालेले सोनेरी ॲमोनाइट पदकांत बसवतात. ते दिसतात देखणे, पण दमट हवेत पायराइट कुजतं, त्यातून गंधकाम्ल सुटतं आणि काही वर्षांत दागिन्याची भुकटी होऊ शकते. मुंबई आणि कोकणच्या हवेत तर याची खात्रीच समजावी.

ॲमोलाइटची अडचण वेगळी आहे. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ते जेमतेम ४ च्या आसपास येतं. हिरा १० आणि साधी वाळू ७. शिवाय पापुद्रा सुटण्याची भीती. म्हणून खाणीतून आलेला तुकडा आधी राळेने पक्का करतात. मग बहुधा त्याच्या पाठीला काळ्या शेलचा आधार देतात, त्याला डबलेट म्हणतात; वर स्फटिकाची किंवा कृत्रिम स्पिनेलची पारदर्शक टोपी चढवली की ट्रिपलेट. नुसत्या, नैसर्गिक पाठीवरच्या जाड थराचा खडा सर्वांत मोलाचा. अंगठीत ट्रिपलेट, लॉकेटमध्ये किंवा कानात डबलेट चालतं, असा कारागिरांचा साधा हिशेब आहे. ट्रिपलेट बाजूने पाहिलं की टोपीचा सांधा दिसतो. विक्रेत्याने तो आपणहून दाखवला तर दुकान बरं समजायला हरकत नाही.

खाणींत शंखांबरोबर इतर पाहुणेही निघतात. उथळ खड्ड्यांत यंत्राने माती उकरली जात असताना मोसासॉर या अजस्र सागरी सरड्यांचे सांगाडे मिळाले आणि ते ड्रमहेलरच्या रॉयल टिरेल संग्रहालयाकडे गेले. प्लासेंटिसेरासच्या शंखांवर गोल छिद्रांच्या रांगा आढळतात. १९६० मध्ये कॉफमन आणि केसलिंग यांनी अशा एका शंखावरच्या खुणा मोसासॉरच्या दातांच्या ठरवल्या आणि प्राण्याने तो कसा अनेकदा चावला याची सविस्तर हकिगतच मांडली. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी ती खोडली: ही छिद्रं म्हणजे शंखाला चिकटून राहणाऱ्या लिंपेट गोगलगायींनी केलेल्या बसण्याच्या जागा. तीनच वर्षांत अल्बर्टातल्या नमुन्यांच्या आधारे दातांची बाजू पुन्हा मांडली गेली. सरळ रांगेतली, दोन्ही बाजूंनी जुळणारी छिद्रं गोगलगायींच्या मर्जीने पडली असं मानणं जड जातं. पण एकट्या-दुकट्या वेड्यावाकड्या छिद्रांसाठी लिंपेटांना निर्दोष सोडणंही घाईचं ठरेल.

अल्बर्टात १९७८ पासून जमिनीतले जीवाश्म प्रांताच्या मालकीचे मानले जातात. ॲमोनाइटला विक्रीची सवलत आहे, पण त्यासाठी सरकारी दाखला लागतो, आणि अख्खा शंख देशाबाहेर न्यायचा तर कॅनडाच्या सांस्कृतिक वारशाच्या कायद्याखाली निर्यातीचा परवाना. कॅल्गरी-एडमंटनकडच्या नातेवाइकांकडून असा शंख भेट मागवणाऱ्यांनी हा कागद आधी विचारावा. आणि घरात ॲमोलाइटचं चांदीत मढवलेलं लॉकेट आलंच, तर ते दिवाळीच्या आधी इतर चांदीबरोबर चिंचेत किंवा लिंबात टाकू नये. अरॅगोनाइट आम्लात विरघळतं. अत्तर आणि घामही त्याला मानवत नाहीत. ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडं करावं आणि डबीत वेगळं ठेवावं, हिऱ्याच्या कुड्यांपासून जरा लांब.